कोळ्यावरचा आळ

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर लालभडक चट्टा दिसला, त्यावर बारीक फोड आले, आग आग व्हायला लागली, की मुळशी-मावळात निदान घरच्या घरीच होतं: ‘कोळी मुतला.’ मग कोणी चुना लावतं, कोणी गेरू, कोणी उतरवून घेतं. पिरंगुट-भूगावच्या नव्या सोसायट्यांत हेच निदान मोबाइलवर होतं आणि तिथे कोळ्याचं नाव जरा भारदस्त असतं. ब्लॅक विडो, ब्राउन रिक्लूज, फनेल वेब. गाव असो की सोसायटी, आरोपी तोच. आणि त्याला चावताना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस कुठेच सापडत नाही.

मुळशीत विषारी कोळी आहेत का? आहेत. त्यातले मोजके चावले तर माणूस काही दिवस हैराण होईल, हेही खरं. पण या तालुक्यात जिवावर बेततं ते वेगळ्याच प्राण्यांमुळे. त्यांचे दंश कोळ्याच्या नावावर खपून जातात, आणि त्यात उपचाराची वेळ निघून जाते. कोळ्याच्या विषापेक्षा हा चुकीचा आळ जास्त महागात पडतो.

विष सगळ्यांकडे, धोका मोजक्यांचा

जगभरात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींचा आकडा २०२२ मध्ये ५०,००० च्या पुढे गेला. भारतातल्या नोंदी सुमारे १,९०० जातींच्या घरात आहेत. यातलं युलोबोरिडी हे कुळ आणि आणखी किरकोळ अपवाद सोडले, तर झाडून सगळ्या कोळ्यांकडे विषग्रंथी असतात. त्या अर्थाने देव्हाऱ्यामागे जाळं विणून बसलेला, काडीसारख्या लांब पायांचा कोळीसुद्धा विषारीच. पण हे विष माशी, झुरळ, तुडतुडा लुळा करण्यासाठी असतं. माणूस हे कोळ्याचं भक्ष्य नव्हे; त्याला चावून कोळ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

माणसाला त्रास व्हायचा तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. विषदंत आपल्या कातडीतून आत जाण्याइतके लांब आणि बळकट हवेत, विष पुरेसं उतरायला हवं, आणि त्या विषात सस्तन प्राण्यांच्या नसांवर किंवा पेशींवर काम करणारा घटक हवा. बहुतेक कोळी पहिल्याच अटीवर बाद होतात. ज्यांचे दात आत जातात, तेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. विष तयार करायला शरीराची शक्ती खर्च होते, आणि ते संपलं तर पुन्हा साठेपर्यंत शिकार अडते.

तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यांत विडो कोळी सगळ्यांत प्रसिद्ध. त्यांच्या विषातलं लॅट्रोटॉक्सिन नसांच्या टोकांना साठवलेली रसायनं एकदम बाहेर ओतायला लावतं. त्यामुळे स्नायू आखडतात, दरदरून घाम येतो, पोट दगडासारखं घट्ट होतं. अमेरिकेतल्या ब्राउन रिक्लूजचं विष मात्र चावल्या जागची कातडी आणि खालचं मांस सडवतं. इंटरनेटवर फिरणारे भयंकर जखमांचे फोटो बहुधा याच्या नावाने असतात. तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला रहिवासी. मुळशीतल्या जखमेशी त्याचा संबंध जोडायला काही आधार नाही.

त्याच्या मूळ गावीसुद्धा तो किती चावतो, याचा एक भन्नाट दाखला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरात सहा महिन्यांत २,०५५ रिक्लूज कोळी सापडले. घरात चार माणसांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहत होतं, आणि त्यातल्या एकालाही कोळी चावल्याची खूण नव्हती. २००२ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर ‘घरात कोळी दिसला, म्हणजे फोड त्याचाच’ हा तर्क तज्ज्ञांपुढे टिकेनासा झाला.

मुळशीचे आठ पायांचे रहिवासी

पाऊस उघडायला लागला, की भाद्रपदाच्या सुमारास कोळवण खोऱ्यातल्या बांधांवर आणि माळावर सकाळी लवकर पाहावं. गवतात तळहाताएवढ्या पांढऱ्या चादरी पसरलेल्या असतात आणि दवामुळे त्यांचा धागा न् धागा दिसतो. चादरीच्या एका कडेला गोल भोक असतं, त्यातून रेशमाची नळी तिरकी जमिनीकडे उतरते. नळीच्या तोंडाशी, पुढचे पाय बाहेर टेकून, करडा-तपकिरी कोळी बसलेला असतो. गवताच्या काडीने चादर जराशी हलवली की तो झपकन बाहेर येतो, काडी आहे हे कळताच उलट्या पावली आत जातो. हात घालून पकडू गेलं तर नळीच्या खालच्या टोकातून पसार होतो. हा हिपासा, लायकोसिडी म्हणजे लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. फार्महाउसच्या हिरवळीवर ही नरसाळ्याच्या आकाराची जाळी दिसली की ‘फनेल वेब’ म्हणून घबराट होते. सिडनीच्या जीवघेण्या फनेल वेबशी याचं साम्य जाळ्याच्या आकारापुरतं. हिपासा माणसाला काहीही करत नाही.

त्या सिडनीच्या कोळ्याचीही आजची गोष्ट सांगायला हवी. त्याच्या दंशाने १३ मृत्यू झाल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये त्यावरचं प्रतिविष उपलब्ध झालं, आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने एकही मृत्यू नोंदवला गेलेला नाही.

घरात येऊ. रात्री दिवा लावला की भिंतीवर पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी थबकलेला दिसतो. पाय खेकड्यासारखे आडवे पसरलेले. कधी त्याच्या छातीखाली पांढरी गोल चकती असते. ती अंड्यांची पिशवी, आणि तो तो नसून ती असते. हेटेरोपोडा व्हेनाटोरिया असं तिचं शास्त्रीय नाव. ती जाळं विणत नाही, पाठलाग करून शिकार करते, आणि तिच्या शिकारीत झुरळं भरपूर असतात. दाबली गेली तर चावू शकते. दुखतं, थोडं सुजतं, आणि बरं होतं. खिडकीच्या गजावर मान वळवून आपल्याकडे बघणारे, टुणकन उड्या मारणारे छोटे कोळी तर अगदीच निरुपद्रवी. या उड्या मारणाऱ्या कोळ्यांमधली एक जात ठाणे-कल्याण परिसरात सापडली. २०२१ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘आयकस तुकारामी’, मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण देणारे तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

ताम्हिणीचं जंगल हे या सगळ्यांचं मोठं घर. काही वर्षी इथे ६,००० मिलिमीटरच्याही पुढे पाऊस पडतो. २०१३ मध्ये सुमारे ५० चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्याच्या शेवटी पायवाटांवर डोक्याच्या उंचीला सोनेरी धाग्यांची मोठाली जाळी लागतात. मधोमध बसलेली, काळ्या-पिवळ्या रंगाची, तळहाताएवढी मादी म्हणजे नेफिला, ज्याला रानकोळी म्हणावा असा हा राजस प्राणी. तिच्या पाठीशी तांबूस, चिमुकला नर घुटमळत असतो. जाळं तोंडावर आलं की माणूस ओरडतो, पण कोळीण पळ काढते.

या भागातल्या कोळ्यांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. ब्रिटिश संग्रहालयातले रेजिनाल्ड पोकॉक यांचा ब्रिटिश भारतातल्या अष्टपादांवरचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला. सह्याद्रीतल्या टॅरंटुलांची पहिली वर्णनं त्यांच्याच काळातली. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात काम करताना बी. के. टिकादर यांनी या अभ्यासाला बैठक दिली. महाराष्ट्रातल्या कोळ्यांवरचा त्यांचा लेख १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, आणि १९८७ चं त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं हस्तपुस्तक अभ्यासक अजूनही उघडतात.

जपून राहायचं ते यांच्यापासून

यादी छोटी आहे. पहिला मान झाडावरच्या टॅरंटुलाचा. पश्चिम घाटात, महाराष्ट्रातही आढळणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस जुन्या झाडांच्या ढोलीत, सुटलेल्या सालीमागे राहतो. पाय पसरले तर वीतभर भरतो. वरून राखाडी-पांढरी नक्षी इतकी सालीसारखी, की समोर असून दिसत नाही. डिवचला की पुढचे पाय उचलतो आणि त्यांच्या खालचा पिवळाधमक रंग दाखवतो. एवढा इशारा मिळाल्यावर माणसाने दोन पावलं मागे सरावं. अमेरिकेतले टॅरंटुला शत्रूवर खाजरे केस उडवतात. आपल्याकडच्या टॅरंटुलांकडे ते हत्यार नाही, म्हणून ते चावण्यावरच भिस्त ठेवतात.

तो चावला तर काय होतं, हे कळलं ते मात्र भारताबाहेर. युरोपात हे कोळी हौसेने पाळले जातात आणि हाताळताना चावतात. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अशा दंशांच्या नोंदी गोळा करून २०१४ मध्ये ‘टॉक्सिकॉन’ या नियतकालिकात मांडल्या. जखमेची आग आणि सूज ठरलेली. पण अनेकांना काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंगभर स्नायूंचे गोळे यायला लागतात आणि ते दिवसेंदिवस अधूनमधून येत राहतात. मृत्यूची नोंद नाही. तरी हा दंश घरगुती उपायावर भागवण्यातला नव्हे, दवाखान्यात जावंच.

जमिनीतले टॅरंटुला, उदाहरणार्थ चिलोब्रॅकिस, बिळात राहतात. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत, झाडाच्या मुळांशी, दगडाखाली अंगठा जाईल एवढं बीळ आणि तोंडाशी रेशमाचं अस्तर दिसलं, की आत बहुधा असा कोणी असतो. घाबरला की तोंडाजवळचे अवयव एकमेकांवर घासून फुसफुस आवाज काढतो. त्याच दरडीत झाकण लावलेल्या बिळांचे कोळीही असतात. मातीचं झाकण इतकं बेमालूम बसतं, की उघडल्याशिवाय सापडत नाही. पावसाळ्यात यांचे नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात आणि क्वचित पडवीत, न्हाणीत येतात. पोरांनी काडी घालून बीळ उचकटू नये, एवढी खबरदारी यांच्या बाबतीत पुरते.

विडो कोळ्यांची महाराष्ट्रातली नोंद जे. सी. डॅनियल आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. तपकिरी विडोची भारतातली पहिली नोंद २००७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. हा तपकिरी विडो माणसाच्या आसऱ्याने पसरतो: प्लास्टिकच्या खुर्चीखाली, मीटरच्या पेटीत, कुंडीच्या कडेखाली, मांडून ठेवलेल्या विटांमध्ये. पोट वाटाण्याएवढं गोल, खालच्या बाजूला नारिंगी डमरूची खूण, पायांवर पट्टे. सगळ्यांत पक्की ओळख म्हणजे त्याच्या अंड्यांची पिशवी. तिच्यावर चहूबाजूंनी बारीक काटे असतात. तो लाजाळू असतो, दाबला गेला तरच चावतो, आणि त्याचा दंश काळ्या विडोपेक्षा बराच सौम्य असतो.

उरला पिवळट, फिकट रंगाचा कायरॅकँथियम. पान दुमडून त्यात पिशवी विणून दिवसा झोपतो. गवत कापताना, भाजी खुडताना पिशवी हातात आली तर चावतो. टाचणी टोचल्यासारखं वाटतं, गांध उठते, एक-दोन दिवस दुखते. बस्स.

मग ते फोड कोणाचे?

‘कोळी मुतला’ म्हणून जो पट्टा उठतो, त्याचा धनी बहुतेक वेळा एक भुंगेरा असतो. पीडेरस त्याचं नाव. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, सडपातळ, अंगावर काळे आणि नारिंगी पट्टे, चालताना शेपटाचं टोक वर उचलणारा. भातखाचरांच्या ओलाव्यात तो वाढतो आणि पावसाळ्यात रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला म्हणून आपण त्याला चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पीडेरिन हे जहाल रसायन आपल्याच हाताने कातडीवर फासतो. त्या वेळी काहीच कळत नाही. साधारण २४ ते ४८ तासांनी, हात फिरला त्या रेषेत, लाल पट्टा आणि फोड उठतात. कोपराच्या लवणीत लागलं तर मिटलेल्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग उमटतो. भुंगेरा दिसला तर फुंकरीने उडवावा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने जागा धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. कोळ्याची विष्ठा आणि मूत्र मिळून पांढरट ठिपका पडतो. त्याने भिंत खराब होते, कातडीला काही होत नाही.

कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा आला आणि आधी दोन दिवस तिथे ठणका होता, तर ती नागीण. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणूच पुन्हा जागा होतो. त्यावरची औषधं पहिल्या तीन दिवसांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. लाल, गरम, पू भरलेली गाठ असेल तर ते जंतूंचं गळू. जगभर ‘कोळी चावला’ म्हणून येणाऱ्या जखमांत गळवांचा वाटा मोठा असतो.

काळजीचा प्रकार पुढचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली. बघणारा म्हणतो, कोळी चावून मांस जळलं. वास्तविक ही स्क्रब टायफसची खूण असू शकते. झुडपांत आणि उंच गवतात असणाऱ्या पिसवेएवढ्याही नसलेल्या माइटच्या अळ्या चावतात आणि त्यांच्यातून ओरिएन्शिया हा जीवाणू रक्तात जातो. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात या आजाराचा उद्रेक झाला होता. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त, जुन्या औषधाने तो बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं निकामी होऊन माणूस दगावतो. गवत कापणारा, गुरं राखणारा, ट्रेकला जाणारा माणूस तापला तर ही खपली डॉक्टरला आवर्जून दाखवावी. ती बहुतेकदा कपड्याआड असते आणि विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

कोळ्याचाच भाऊबंद विंचू. ताम्हिणी घाट उतरून माणगावला लागलं आणि दक्षिणेला वळलं की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य वेचलं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी डोळ्यांदेखत माणसं जाताना पाहिली. विंचवाचं विष हृदयावर आघात करतं, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं, आणि गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू डसल्यावर घाम, उलटी, हातपाय थंड पडणं, धाप लागणं यातलं काहीही दिसलं, विशेषतः लहान मुलाला, तर एक मिनिटही घालवू नये.

मण्यारची रात्र

सगळ्यांत घातक गफलत मण्यारची. गावाकडे सापाचं नाव रात्री घेत नाहीत. ‘पान लागलं’, ‘जनावर चावलं’ असं म्हणतात. पण मण्यार चावली हे पुष्कळदा कळतच नाही. ती रात्री फिरते, उबेला अंथरुणात येते, झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक. जखम दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही म्हटलं तरी चालेल. माणूस जागा झालाच तर ‘काहीतरी किडूक चावलं, कोळीबिळी असेल’ म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, जीभ जड होते, पापण्या उचलत नाहीत. मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्याच्या रात्री ‘काहीतरी चावलं’, तर ते साप नाही असं ठरेपर्यंत सापच समजावं. सापाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. कोळ्याच्या विषावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून नेमकं निदान डॉक्टरवर सोडावं.

चुकीच्या निदानाने आणि घबराटीने काय होतं, हे २०१२ च्या मे महिन्यात आसाममधल्या सदिया भागात दिसलं. मोठे कोळी गावात शिरून चावतात अशी बातमी पसरली, दोन मृत्यू त्यांच्या माथी मारले गेले. जखमी माणसं आधी मांत्रिकाकडे गेली, तिथे ब्लेडने जखमा चिरून ‘विष’ काढलं गेलं. मृत्यू नक्की कोळ्याच्या विषाने झाले की पुढच्या उपचारांनी आणि जंतुसंसर्गाने, हे कधीच सिद्ध झालं नाही. बातमी मात्र अजून फिरते.

चावलंच तर

कोळी चावताना पाहिला असेल तर जागा साबण-पाण्याने धुवावी, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा, हात किंवा पाय उंच ठेवावा. दुखण्याची साधी गोळी चालते. चिरायचं नाही, चोखायचं नाही, चुना-बिब्बा लावायचा नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. कोळी मेलेला असेल तर डबीत घालून सोबत न्यावा. जिवंत असेल तर मोबाइलवर फोटो पुरतो, पकडायच्या नादात दुसरा दंश नको. स्नायूंचे गोळे, पोट घट्ट होणं, दरदरून घाम, श्वासाला त्रास, पापण्या जड होणं, वाढत जाणारी सूज किंवा ताप, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय किंवा पुण्यातलं ससून गाठावं. लहान मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये.

एकत्र नांदण्याची रीत

कोळ्याचे दंश होतात ते त्याला आपल्या अंगाशी दाबल्यामुळे. म्हणून खबरदारी साधी आहे. पावसाच्या तोंडावर खुंटीवरचं इरलं, घोंगडी, रेनकोट झटकून घ्यावा. गमबूट आणि बूट उलटे करून आपटावेत. पडवीतल्या सरपणात, पेंढ्यात, कौलांच्या ढिगात उघडा हात घालू नये. ढीग भिंतीपासून सुटा ठेवावा. अंथरूण भिंतीला लावू नये, मच्छरदाणीची कडा गादीखाली खोचावी. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. विंचू, कोळी आणि डास यांचा बंदोबस्त त्यातच होतो. अंगणातला दिवा पिवळा आणि दारापासून लांब लावला की किडे कमी येतात आणि त्यांच्यामागून येणारे कोळी, पाली, बेडूक, आणि बेडकामागून येणारा साप, सगळेच कमी होतात. घरात आलेल्या मोठ्या कोळ्यावर बरणी उपडी घालावी, खाली पुठ्ठा सरकवावा आणि त्याला बाहेर सोडावं.

मोर्टिन-हिटचे फवारे मारून घर कोळीमुक्त करण्यात फारसा अर्थ नसतो. झुरळं आणि माश्या आहेत तोवर कोळी पुन्हा येणार. शेतात तर हा हिशेब थेट पैशांत मोजावा लागतो. आंबेमोहर असो की इंद्रायणी, भाताच्या बुंध्याशी पाण्यावरून पळणारे लांडगा-कोळी तपकिरी तुडतुड्यांचा फडशा पाडतात. जहाल कीटकनाशक फवारलं की उघड्यावर फिरणारे कोळी आधी मरतात. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात खुपसलेली असल्याने वाचतात. आठवडाभरात पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं, आणि खाचरात करपा पडल्यासारखे गोल डाग दिसू लागतात. इंडोनेशियात १९८० च्या दशकात याच चक्राने भातशेती हातची जायची वेळ आली. अखेर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. कोळी आणि मित्रकीटक परत आले, तशी तुडतुड्यांची साथ आटोक्यात आली. जगभरचे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे फस्त करतात, असा २०१७ चा अंदाज आहे.

ताम्हिणीतल्या ढोलीतला टॅरंटुला तर आता आपल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे. परदेशी हौशी बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया ही सगळी प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात आली, म्हणजे परवान्याशिवाय तिची देशाबाहेर ने-आण करता येत नाही. प्लॉटिंगसाठी जुनी झाडं पडतात तेव्हा त्याचं घरही जातं, आणि मग तो शेजारच्या बंगल्यात दिसला की बातमी होते.

तेव्हा मुळशीत राहणाऱ्यांना, शनिवार-रविवारी येणाऱ्यांना एवढंच सांगणं. कोळी दिसला म्हणून मारू नका, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि अंगावर काही उठलं, रात्री काही चावलं, तर ‘कोळी चावला’ असं डॉक्टरला सांगू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच सांगा. नाहीतर काय दिसलं, किती वाजता, कुठे झोपला होता, ताप आला का, पापण्या जड झाल्या का, एवढं सांगा आणि निदान त्यांच्यावर सोडा.